वहीत १८८, खात्यात २२०: पोकरमधल्या एका हरत्या काळाची तपासणी

जून २०२५. पालख्या पुण्यातून निघून सासवड आणि लोणीच्या वाटेला लागल्या, त्या आठवड्यात कोथरूडहून बहिणीचा फोन आला. "दादा, हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉप उघडून बसतो. पैसे लावून पत्ते खेळतो. मागच्या वर्षी जिंकला म्हणून मला वॉशिंग मशीन घेऊन दिलं, तेव्हा मीही काही बोलले नाही. आता विचारलं की विषय बदलतो. तो हरतोय का, एवढंच मला बघून सांग."

भाचा एकोणतीस वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. मी बत्तीस वर्षं भोसरीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो. पोकरशी माझा तोवर काही संबंध नव्हता. पण काम बिघडलंय की हा नेहमीचाच चढउतार आहे, हा प्रश्न मी नोकरीत रोज सोडवला आहे. एकाच मशीनवरून उतरलेले दोन पार्ट कधीच अगदी सारखे नसतात. कुठला फरक दुर्लक्ष करण्याजोगा आणि कुठला फरक दिसला की मशीन बंद करायचं, हे ठरवण्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट काढला, आणि आमच्या शॉपवर, म्हणजे कारखान्यात, प्रत्येक महत्त्वाच्या मापाला तो लावलेला असे. म्हणून मी हे प्रकरण हातात घेतलं. जे सापडलं ते दोघांच्या परवानगीने इथे मांडतो आहे.

रविवारी भाचा निगडीला घरी आला, खेळाच्या नोंदींची वही आणि लॅपटॉप घेऊन. आधी मी तीनच गोष्टी विचारल्या. कुणाकडून उसने घेतलेस का? झोप किती होते? आईला काय सांगितलंयस? उसने घेतले नव्हते, पण मे महिन्यात एकदा क्रेडिट कार्डावरून दहा हजार भरले होते. झोप चार-पाच तास. आईला जिंकलेलं सगळं सांगितलं होतं, हरलेलं काहीच नाही. ही उत्तरं मी कागदावर लिहून ठेवली, कारण पुढे त्यांचा उपयोग होणार असं वाटत होतं.

मग त्याचा प्रश्न. "मामा, माझा खेळ बिघडलाय की नुसतं नशीब वाईट चाललंय? तेवढं कळलं तर पुढे काय करायचं ते मी ठरवतो."

खेळाची रचना थोडक्यात अशी. तो ज्या टूर्नामेंट खेळत होता त्यांचा प्रवेश ५५० रुपये. त्यातले ५०० बक्षिसांत जातात, ५० खेळवणाऱ्याचे. साधारण ३०० प्रवेश होतात, म्हणजे बक्षिसांची एकूण रक्कम दीड लाख. पैसे पहिल्या ४५ जणांना मिळतात, पण वाटप सारखं नसतं: पहिल्याला ३०,००० आणि चाळिसाव्याला हजाराच्या आसपास. दोन तृतीयांश रक्कम शेवटच्या टेबलावरच्या नऊ जणांतच संपते. ब्लाइंड, म्हणजे सक्तीची बोली, ठरावीक वेळाने वाढत जाते. त्यामुळे नुसतं बसून राहणाऱ्याचा चिप्सचा, म्हणजे खेळातल्या टोकनांचा, ढीग आपोआप आटतो, आणि कधी ना कधी सगळं पुढे सारून ऑल-इन जावंच लागतं. चिप्स संपल्या की बाहेर. काही टूर्नामेंटमध्ये पुन्हा ५५० भरून परत बसता येतं, ती री-एंट्री.

आधी गेज तपासलं

कुठलंही माप घेण्याआधी मापायचं साधन तपासायचं, ही आमची पहिली शिस्त. वहीप्रमाणे हरता काळ मार्चपासून सुरू होतो: १८८ टूर्नामेंट, तोटा ३४,४०० रुपये. मी त्याला ॲपच्या वॉलेटचा उतारा काढायला लावला. उताऱ्यात तोटा ५२,००० निघाला. फरक १७,६००, म्हणजे बरोबर ३२ प्रवेशांचे पैसे.

त्या ३२ री-एंट्री होत्या. आधीच्या चौदा महिन्यांत त्याने री-एंट्री इमानदारीने वेगळ्या ओळीत लिहिल्या होत्या. हरायला लागल्यावर पहिला प्रवेश लिहायचा आणि दुसरा राहून जायचा. मुद्दाम लपवलं नव्हतं. रात्री दीड वाजता बाद झाल्याच्या चिडीत माणूस पुन्हा ५५० भरतो, तेव्हा पेन उचलायचं त्याला सुचत नाही. पण वही ज्या काळात सर्वांत खरी हवी, नेमकी त्याच काळात ती खोटी व्हायला लागली होती. आकडा त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

दुरुस्त हिशेब असा. जानेवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५: ३८० प्रवेश, नफा ७१,०००. मार्च ते जून २०२५: २२० प्रवेश, तोटा ५२,०००. एकूण ६०० प्रवेश, ३,३०,००० रुपये गुंतले, हातात १९,००० नफा. एक गोष्ट नजरेत भरली: आधी महिन्याला सत्तावीस प्रवेश होत, हरत्या काळात पंचावन्न.

कराचा मुद्दा बाजूला ठेवतो, पण त्याला तो माहीत असणं गरजेचं होतं. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे आणि एका आर्थिक वर्षातला तोटा दुसऱ्या वर्षाच्या जिंकलेल्या रकमेतून वजा होत नाही. म्हणजे हे १९,००० सुद्धा पूर्ण त्याचे नव्हते.

पैसे काय सांगतात

त्याच्या नोंदींवरून एका प्रवेशाचा पसारा काढला. पसारा म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते. तो सुमारे २,७०० रुपये आला, ५५० च्या प्रवेशाच्या जवळजवळ पाचपट. बक्षिसं वर एकवटलेली असतात तिथे असंच होणार: बहुतेक वेळा ५५० जातात आणि एखाद्या दिवशी एकदम ३०,००० येतात.

अनेक प्रवेशांचा पसारा काढताना प्रवेशांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचं. २२० प्रवेशांना तो साधारण ४०,००० रुपये होतो. आता अगदी सरासरी खेळाडू घ्या, ना चांगला ना वाईट. त्याला प्रत्येक प्रवेशात खेळवणाऱ्याचे ५० रुपये जातात, म्हणजे २२० प्रवेशांत ११,००० तोटा हा त्याचा धरलेलाच. भाच्याचा तोटा त्याहून ४१,००० जास्त, म्हणजे एका पसाऱ्याएवढा. इतका वाईट काळ सरासरी खेळाडूला, खेळात काहीही बदल न होता, साधारण सहा-सात वेळांत एकदा येईल. आमच्या शॉपवर एवढ्यावरून कुणी मशीनला हात लावला नसता.

तो खूश झाला. "म्हणजे नशीबच!"

मी म्हटलं, थांब, आता तीच पट्टी तुझ्या नफ्याला लाव. ३८० प्रवेशांचा पसारा साडेबावन्न हजारांच्या वर जातो. तुझा नफा ७१,०००. त्यात दोनदा पहिला आलास त्याचे ६०,०००. ती दोन बक्षिसं बाजूला ठेवली तर चौदा महिन्यांची कमाई ११,०००. त्या दोन रात्री शेवटच्या दोघांत असताना एकेक पान वेगळं उघडलं असतं, तर आज आपण वेगळीच वही बघत असतो. ज्या हिशेबाने तुझं हरणं सिद्ध होत नाही, त्याच हिशेबाने तू जिंकणारा खेळाडू होतास हेही सिद्ध होत नाही.

हे त्याला पचलं नाही. चहा अर्धा ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. हरल्याचं दुःख तो महिनाभर वागवतच होता. जिंकल्याचा अर्थ पुसला जाणं त्याहून जड गेलं. हरत्या काळात निकाल तपासायला बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक गृहीत असतं: आधीचा नफा म्हणजे माझी खरी लायकी आणि आताचा तोटा म्हणजे तिच्यावर आलेलं संकट. तोटा नशिबावर ढकलायचा तर नफाही त्याच तराजूत घालावा लागतो.

मग किती प्रवेश झाले की पैशांवरून खात्रीने बोलता येईल? नफ्याचं प्रमाण दहा टक्के इकडे-तिकडे एवढ्या अंतरात पकडायचं असेल तर हिशेब ९,६०० प्रवेशांच्या आसपास जातो. त्याचा अठरा महिन्यांचा वेग वर्षाला ४०० चा. म्हणजे चोवीस वर्षं. तो त्रेपन्न वर्षांचा होईल तेव्हा उत्तर मिळेल, तेही मधल्या काळात त्याचा खेळ आणि समोरच्यांचा खेळ अजिबात बदलला नाही तर.

त्याच्या इतर तक्रारीही याच पट्टीने मोजल्या. सलग ३१ प्रवेशांत एकदाही बक्षिसात आला नव्हता. त्याला ते अशक्य वाटत होतं. शंभरात पंधरा वेळा बक्षिसात येणाऱ्याच्या ६०० प्रवेशांत सर्वांत लांब कोरडी ओळ तीसच्या आसपास असणं हेच अपेक्षित आहे. २२० प्रवेशांत एकदाही पहिला आला नाही? ३०० जणांत एक पहिला येतो, तर सरासरी खेळाडूला २२० प्रवेशांत एकदाही पहिलं बक्षीस न मिळण्याची शक्यता ४८ टक्के. लागोपाठ तीन ऑल-इन, प्रत्येकात ८० टक्के त्याची बाजू, तरी एक हरलाच? तिन्ही जिंकण्याची शक्यता ५१ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आणि हरत्या काळाची सुरुवात त्याने कुठून धरली? दुसऱ्यांदा पहिला आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. शिखरावर उभं राहून मोजायला लागलं की पुढची प्रत्येक वाट उतारच दिसते.

हात तपासले

पैशांचं माप म्हणजे मिलिमीटरच्या फूटपट्टीने मायक्रॉन मोजण्यासारखं होतं. फूटपट्टी खोटं बोलत नाही, पण त्या कामाची ती नाही. आम्ही बोअरचा, म्हणजे पार्टमधल्या भोकाचा, व्यास वाहन रस्त्यावर किती वर्षं चालतं यावरून तपासत नव्हतो, मशीनवरून उतरल्याबरोबर गेज लावत होतो. पोकरमध्ये मशीनवरून उतरणारी वस्तू म्हणजे निर्णय. तो तपासायचा, आणि निकाल झाकून तपासायचा.

निकाल झाकणं का लागतं ते एका उदाहरणाने सांगतो, कारण मलाही ते समजायला एक संध्याकाळ गेली. समजा चौघे उरलेत, सगळ्यांकडे सारख्या चिप्स, आणि बक्षिसं तीन: १०० रुपयांपैकी ५०, ३० आणि २०. प्रत्येकाच्या जागेची किंमत २५ रुपये. एकाने सगळं पुढे सारलं. तुमच्या हातात राण्यांची जोडी आहे, त्याच्याकडे एक्का-राजा. राण्या साधारण शंभरात ५७ वेळा जिंकतात. खेळावं का? जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण किंमत दुप्पट होत नाही. तिघे उरल्यावर निम्म्या चिप्सची किंमत ३८ रुपये ३३ पैसे येते. २५ गमावण्याची जोखीम, कमाई साडेतेरासुद्धा नाही. म्हणजे निदान ६५ टक्के जिंकण्याची खात्री हवी, ५७ पुरत नाहीत. समोर एक्का-राजा आहे हे कळलं असतं तर राण्या टाकून देणं बरोबर ठरलं असतं. खेळाडू या हिशेबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. आता त्या रात्री कुणी राण्या खेळला आणि जिंकला, तर त्याच्या वहीत काय लिहिलं जाईल? "मस्त कॉल." (कॉल म्हणजे समोरच्याच्या बोलीएवढ्या चिप्स आपणही लावणं.) टाकून दिल्या, दुसऱ्या कुणी कॉल केला आणि मग टेबलावरच्या पाच पानांत राणी उघडली, तर? "घाबरलो, चुकलो." दोन्ही नोंदी उलट्या.

भाच्याची वही अशाच नोंदींनी भरली होती. हरलेल्या ४१ हातांसमोर (हात म्हणजे पत्ते वाटून खेळलेला एक डाव) त्याने "माझी चूक" लिहिलं होतं. तपासले तेव्हा त्यातले २४ निर्णय बरोबर निघाले. आणि जिंकलेल्या एकाही हातासमोर "चूक" हा शब्द नव्हता.

नमुना असा काढला. कमी चिप्स उरल्यावरचे, दहा-बारा बिग ब्लाइंडच्या (दोन सक्तीच्या बोल्यांतली मोठी ती बिग ब्लाइंड) आतले निर्णय घ्यायचे. कारण तिथे प्रश्न सोपा असतो, सगळं पुढे सारायचं की पत्ते टाकायचे, आणि उत्तरं गणिताने काढलेल्या पुश-फोल्ड चार्टमध्ये मिळतात. मोठे, गुंतागुंतीचे हात मी सोडून दिले. तिथे दोन जाणकारांची दोन मतं पडतात, आणि ज्या मापावर एकमत नाही ते माप चार्टवर टाकायचं नाही. चार्टच्या रेषेला अगदी लागून असलेले निर्णयही चूक धरले नाहीत.

त्याच्याकडे हातांच्या नोंदी साठवलेल्या होत्या. पहिल्या ३८० प्रवेशांतले १२० निर्णय, हरत्या काळाच्या सुरुवातीच्या १४० प्रवेशांतले १२०, आणि शेवटच्या ८० प्रवेशांतले १२०. चिठ्ठ्या टाकून निवड केली, त्याला निवडू दिलं नाही. प्रत्येक निर्णय मी माझ्या हाताने कोऱ्या कार्डावर उतरवला: पत्ते, जागा, चिप्स, समोरच्यांच्या चिप्स, त्याने काय केलं. तारीख नाही, पुढे काय झालं ते नाही. ३६० कार्डं लिहायला नऊ दिवस लागले. मग ती पोळ्यांच्या जुन्या डब्यात टाकून हलवली. तपासायला त्याच्या ऑफिसातला एक मित्र बसला, स्वतः खेळणारा. कुठलं कार्ड कुठल्या काळातलं हे त्याला ठाऊक नव्हतं. चार्ट उघडून त्याने दोन शनिवार त्यावर घालवले, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

मोजणी झाली. पहिल्या काळात १२० पैकी ११ चुका. हरत्या काळाच्या सुरुवातीच्या भागात १२. शेवटच्या भागात २९.

पहिल्या दोन नमुन्यांची सरासरी धरून कंट्रोल चार्टची वरची मर्यादा, म्हणजे नेहमीच्या चढउतारात चुका जिथवर जाऊ शकतात ती रेघ, काढली तर ती २१ येते. ११ आणि १२ मधला फरक काहीच नाही. २९ मात्र मर्यादेच्या बाहेर. कारखान्यात असा ठिपका पडला की मशीन थांबवायचं आणि कारण सापडेपर्यंत सुरू करायचं नाही.

म्हणजे "खेळ बिघडला की नशीब?" याला एक उत्तर नव्हतंच. मार्च-एप्रिलमध्ये तो आधीसारखाच खेळत होता आणि हरत होता. मे-जूनमध्ये तो खरोखर वाईट खेळत होता. आणि पैसे? पहिल्या १४० प्रवेशांत ३१,००० गेले, शेवटच्या ८० मध्ये २१,०००. प्रवेशाला २२१ रुपये आणि २६२ रुपये. पैशांच्या रकान्यात हे दोन काळ जवळजवळ जुळे दिसतात. सहाशे प्रवेशांच्या हिशेबाने जे दिसलं नाही ते तीनशे साठ कार्डांनी दाखवलं.

एक तपासणी उलट बाजूनेही केली. ऑल-इन झाल्यावर दोघांचे पत्ते उघडे पडतात, तेव्हा जिंकण्याची शक्यता नेमकी काढता येते. सुरुवातीच्या भागात असे ९२ प्रसंग होते. शक्यतांची बेरीज केली तर ५० जिंकायला हवे होते, तो ४३ जिंकला. नशीब खरंच थोडं उणं होतं. शेवटच्या भागात ५१ प्रसंग, अपेक्षा २७ ची, जिंकला २६. तिथे नशिबाने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. हे माप फक्त सगळे पैसे टेबलावर गेल्यानंतरच्या नशिबाचं आहे. त्याआधी चांगले पत्ते आलेच नाहीत, किंवा मोठ्या हातासमोर त्याहून मोठा हात आला, हे त्यात धरलं जात नाही. तरी दोन्ही तपासण्या एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

कुठल्या चुका

हरणारा माणूस चवताळतो, वाटेल तसा पैसे लावतो, असं सगळे धरून चालतात. खेळाडूंनी त्याला टिल्ट असं नावही दिलं आहे. मीही तेच सापडेल या तयारीत होतो. पण २९ चुकांपैकी १९ चुका उलट्या होत्या: सगळं पुढे सारायला हवं असताना त्याने पत्ते टाकले होते. नऊ बिग ब्लाइंड उरलेत, शेवटून दुसऱ्या जागेवर आहे, आधीचे सगळे बाहेर, हातात एक्का-आठ, आणि हा पत्ते टाकतो. अजून चांगलं काहीतरी येईल म्हणून वाट बघतो. तोवर ब्लाइंड चिप्स खात राहतात. शेवटी तीन ब्लाइंड उरल्यावर नाइलाजाने ऑल-इन जातो, तेव्हा समोरच्याला हाकलण्याइतकं वजन त्या चिप्सना राहिलेलं नसतं. अशा प्रत्येक रात्रीबद्दल त्याच्या वहीत लिहिलं होतं, "पत्तेच आले नाहीत."

उरलेल्या १० चुका वेड्या कॉलच्या होत्या, आणि त्यातल्या ८ री-एंट्रीनंतरच्या. म्हणजे एकाच रात्री, एकाच माणसाकडून, पहिल्या प्रवेशात भित्रा खेळ आणि दुसऱ्यात आततायी.

का, ते त्यानेच सांगितलं. सुरुवातीला त्याने या खेळासाठी ६०,००० वेगळे ठेवले होते, शंभरावर प्रवेशांचे. जिंकलेले पैसे काढून घरात वापरले. मार्च-एप्रिलच्या तोट्यात ठेवीतले निम्म्याहून जास्त गेले, आणि मेपासून पगारातून भर घालायला लागला. "तेव्हापासून मामा, बाद होणं म्हणजे आईला सांगायची वेळ आणखी जवळ येणं, असं वाटायचं. म्हणून टिकून राहायला बघायचो." टिकून राहण्यासाठी खेळणं आणि जिंकण्यासाठी खेळणं यातलं अंतर १९ कार्डांवर उमटलं होतं.

आणखी एक कारण माझ्या ओळखीचं निघालं. मार्च-एप्रिलमध्ये, खेळ ठीक असताना, तो दर आठवड्याला पद्धत बदलत होता. दोन रात्री वाईट गेल्या की नवा व्हिडिओ, नवं धोरण. आता जपून, आता मोकळं. टर्निंगवरचा नवा ऑपरेटर हेच करतो. एक पार्ट जरा मोठा आला की ऑफसेट, म्हणजे मशीनची मापाची सेटिंग, खाली, पुढचा जरा लहान आला की ऑफसेट वर. त्याला वाटतं मी काळजी घेतोय. प्रत्यक्षात प्रत्येक पार्टमागे अशी दुरुस्ती केली की मापांचं विचरण, म्हणजे पसाऱ्याचा वर्ग, दुप्पट होतं, हे गणिताने दाखवता येतं. मी कितीतरी पोरांचे हात धरून त्यांना मशीनपासून लांब उभं केलं आहे. सेटिंग बरोबर असताना केलेली दुरुस्ती हाच बिघाड असतो. एप्रिलअखेर भाच्याकडे स्वतःची अशी पद्धतच उरली नव्हती, मग भीती शिरायला जागा मोकळी झाली.

पुढे काय केलं

माझं मत मी स्पष्ट सांगितलं: बंद कर. जिंकत होतास याचा पुरावा नाही, झोप जातेय, घरात खोटं बोलावं लागतंय. तो म्हणाला, आईला आज सांगतो, पण मला एकदा नीट खेळून बघू दे. त्याचं वय आणि त्याचे पैसे. चार अटी ठरल्या. री-एंट्री नाही. एका वेळी दोनच टेबलं. रात्री साडेदहानंतर नवा प्रवेश नाही. आणि दर दहा प्रवेशांनंतर मी चिठ्ठ्या टाकून १५ निर्णय काढणार, त्यात मर्यादेबाहेर चुका निघाल्या तर त्या दिवशी खेळ संपला. तोट्याचीही एक हद्द ठरवली: १५,०००, पगारातून एक रुपया नाही.

जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत ४० प्रवेश झाले. ६० निर्णयांत ६ चुका, पुन्हा दहा टक्क्यांवर. पैसे मात्र ८,७०० आणखी गेले. दुसऱ्या दहानंतर तो आला तेव्हा दारातच म्हणाला, "पंधरात एक." पैशांचा आकडा मी विचारल्यावर सांगितला.

मग प्रश्नच मिटला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद त्या कायद्याने ठेवलाच नाही. पोकरच्या ॲपनी पैशांचे खेळ बंद केले. वॉलेटमध्ये उरलेले ४,१५० रुपये त्याने खात्यात काढून घेतले.

२६ तारखेला संध्याकाळी मी कोथरूडला गेलो, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. मखराचं काम चालू होतं. बहिणीने मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, "मग दादा, तो हरत होता का?" मी पिशवीतून चार्ट काढून तिच्यासमोर धरला. आडवी रेघ, वरची मर्यादा, चार ठिपके: नऊ टक्के, दहा टक्के, चोवीस टक्के, दहा टक्के. पैसे खाली, वेगळ्या ओळीत.

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघून तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा एवढा वर का गेलाय?"

मी बोलायच्या आत भाचा स्टुलावरून उतरला, हातातली झेंडूची माळ खाली ठेवली. "तो मे-जूनचा आहे, आई. तेव्हा मी तुझ्यापासून लपवत होतो."